‘रहिवासी’ आणि ‘परका’ : अमेरिकी प्राप्तिकराच्या इतिहासातील दोन संज्ञा

१

प्राप्तिकर कोणी द्यावयाचा, या प्रश्नाची दोन उत्तरे राज्यसंस्थांनी प्रायः दिलेली आहेत. जो आमच्या भूमीत राहतो त्याने द्यावा, हे एक. आणि ज्याचे उत्पन्न आमच्या भूमीत उपजते त्याने द्यावा, हे दुसरे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी या दोहोंना तिसऱ्याची जोड दिली : जो आमचा नागरिक आहे, तो कोठेही राहो, त्याने द्यावा. या तीन तत्त्वांच्या मिश्रणातून ज्या संज्ञा निर्माण झाल्या, त्यांचा व्यवहारातील अर्थ आणि कायद्यातील अर्थ यांत मोठे अंतर पडलेले आहे. ते अंतर कसे पडत गेले हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. दरवर्षी येथून अमेरिकेस जाणारे विद्यार्थी व अध्यापक यांच्या दृष्टीनेही हा विषय केवळ कोशातला नाही.

२

अमेरिकेचा पहिला प्राप्तिकर यादवी युद्धाचे अपत्य होय. १८६१ च्या कायद्याने ८०० डॉलरांवरील उत्पन्नावर शेकडा ३ कर बसविला. परंतु परदेशी राहणाऱ्या नागरिकाच्या अमेरिकेतील मालमत्तेच्या उत्पन्नावर तो शेकडा ५ ठेवला. हा दरभेद बोलका आहे. देश युद्धाचा भार सोसत असता जो दूर जाऊन राहिला, त्याच्याविषयीचा रोष त्यात उमटलेला आहे. तो कर प्रत्यक्षात वसूल झाला नाही. पण कल्पना टिकली. १८६२ च्या कायद्यात ती पुन्हा आली, आणि १८६४ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकाच्या अमेरिकेबाहेरील उत्पन्नालाही कवेत घेतले. १८७२ साली हा कर संपुष्टात आला. १८९४ साली तो पुन्हा बसविण्यात आला व १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. १९१३ साली सोळावी घटनादुरुस्ती संमत झाल्यावर जो नवा कायदा झाला, त्यात मात्र नागरिक ‘देशात राहो वा परदेशात’ अशा अर्थाची शब्दयोजना कायम झाली. युद्धकाळातील रोषातून जन्मलेली तरतूद शांततेच्या काळात सर्वसाधारण नियम बनली, असे म्हणावयास हरकत नाही.

या नियमाची न्यायालयीन कसोटी १९२४ साली ‘कुक विरुद्ध टेट’ या खटल्यात लागली. मेक्सिको शहरात कायम वास्तव्य असलेल्या एका जन्मजात अमेरिकी नागरिकाकडून त्याच्या मेक्सिकोतील मालमत्तेच्या उत्पन्नावर ११९३ डॉलर ३८ सेंट इतका कर मागण्यात आला होता. मनुष्य तेथे नाही, मालमत्ता तेथे नाही, उत्पन्नही तेथले नाही. मग अधिकार कशाचा, हा त्याचा प्रश्न. न्यायमूर्ती मॅकेना यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, शासनाचा लाभ नागरिकास व त्याच्या मालमत्तेस ती जेथे असेल तेथे मिळतो. म्हणून कराचा आधार वास्तव्य किंवा मालमत्तेचे ठिकाण हा नसून नागरिकत्वाचा संबंध हा आहे.

मराठी वाचकास येथे आपल्या गावगाड्यातील मिरासदार व उपरी हा भेद आठवल्यावाचून राहणार नाही. मिरासदार गाव सोडून परागंदा झाला तरी त्याचे मिरासीचे नाते सहसा तुटत नसे. उपऱ्याचा संबंध तो कसत असलेल्या जमिनीपुरता. अर्थात हे साम्य केवळ रचनेचे आहे, वंशाचे नव्हे. आणि मिरासीत हक्काचा जो गौरव होता, तो कुक यास आपल्या नागरिकत्वात त्या क्षणी जाणवला असेल असे वाटत नाही.

३

आता परक्याकडे वळू. १९१६ च्या कायद्यात ‘अनिवासी परका’ हा वर्ग स्पष्टपणे वेगळा काढून, त्याच्याकडून केवळ अमेरिकेतील उत्पन्नावर कर घ्यावयाचा असे ठरले. एकाच उत्पन्नावर दोन राज्यांनी हात टाकला तर काय, या अडचणीवर १९१८ च्या महसूल कायद्याने परदेशी भरलेल्या कराची वजावट देण्याचा मार्ग काढला. १९२३ साली राष्ट्रसंघाने नेमलेल्या चार अर्थशास्त्रज्ञांनी ‘आर्थिक निष्ठा’ या कल्पनेच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली. त्या चौघांपैकी कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. आंबेडकरांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथास त्यांचीच प्रस्तावना आहे.

परंतु ‘अनिवासी’ कोण? दीर्घकाळ याचे उत्तर हेतूवर अवलंबून होते. जो परका प्रत्यक्ष देशात आहे आणि केवळ वाटसरू किंवा चार दिवसांचा पाहुणा नाही, तो रहिवासी, असा नियमांचा रोख असे. हेतू मनात असतो, आणि मन वाचण्याचे काम करअधिकाऱ्यास करावे लागे. १९८४ च्या कायद्याने ही अडचण गणिताने सोडविली. ज्याच्याजवळ ग्रीन कार्ड आहे तो रहिवासी. ज्याच्याजवळ ते नाही त्याचे चालू वर्षातील सर्व दिवस, मागील वर्षातील दिवसांचा एकतृतीयांश आणि त्यामागील वर्षातील दिवसांचा एकषष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, व चालू वर्षात तो निदान ३१ दिवस तेथे असला, तर तोही रहिवासी. सलग तीन वर्षे दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० येते, तो अनिवासी. दरवर्षी १२२ दिवस राहणाऱ्याची बेरीज नेमकी १८३ भरते, तो रहिवासी. आपले निकटचे संबंध अन्य देशाशी आहेत असे दाखवून यातून सुटण्याची वाट कायद्यात आहे. म्हणजे दाराबाहेर घालविलेला हेतू खिडकीतून पुन्हा आत आलाच.

४

संज्ञांचा खरा गोंधळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत आढळतो. ‘एफ’ व ‘जे’ वर्गाच्या व्हिसावरील विद्यार्थ्याचे दिवस सामान्यतः पाच कॅलेंडर वर्षांपर्यंत या बेरजेत धरीत नाहीत. अध्यापक व संशोधक यांस ही सूट मागील सहा वर्षांचा हिशेब पाहून, सामान्यतः दोन वर्षांपुरती मिळते. अशा व्यक्तीस कायद्याने जे नाव दिले आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘सूट मिळालेली व्यक्ती’ असा होतो. सूट कशापासून? दिवसांच्या मोजणीपासून, करापासून नव्हे. हा भेद न कळल्याने, शिष्यवृत्ती किंवा वेतन करमुक्त आहे असा समज अनेकांचा होतो. वस्तुतः अमेरिकेत मिळालेले वेतन अनिवाशासही करपात्र आहे, आणि काहीही उत्पन्न नसले तरी ८८४३ क्रमांकाचे विवरण त्यास द्यावेच लागते. ऑगस्ट २०२० मध्ये गेलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे २०२४ अखेर संपतात. १ जानेवारी २०२५ पासून त्याचे दिवस मोजले जातात. तोच मनुष्य त्याच खोलीत राहत असता कायद्याच्या लेखी परक्याचा रहिवासी होतो, आणि त्याचे पुण्यातील बँकेचे व्याजही अमेरिकेच्या कराच्या कक्षेत येते.

१२ सप्टेंबर १९८९ रोजी भारत व अमेरिका यांच्यात झालेला करार येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. त्यातील एकविसाव्या कलमान्वये भारतीय विद्यार्थ्यास अनिवासी असतानाही रहिवाशास मिळणारी प्रमाण वजावट घेता येते. अनिवाशांना ती एरवी मिळत नाही. बाविसाव्या कलमाने भेटीवर जाणाऱ्या अध्यापकाच्या अध्यापन-संशोधनाच्या मानधनास, अटी पाळल्यास, दोन वर्षांपर्यंत करमाफी दिली आहे.

५

नागरिकत्वाचे तत्त्व दीर्घकाळ बव्हंशी कागदावर होते, कारण परदेशातील उत्पन्न कळण्याचे साधन नव्हते. १९७० च्या कायद्याने परदेशी बँकखात्यांची माहिती देणे बंधनकारक झाले. आज ही मर्यादा एकूण १०,००० डॉलरांची आहे. २०१० च्या कायद्याने परदेशी बँकांनाच माहिती पुरविण्यास भाग पाडले, व न देणाऱ्या संस्थेच्या अमेरिकेतील उत्पन्नातून शेकडा ३० कापून घेण्याची तरतूद केली. भारताने यासंबंधीचा करार ९ जुलै २०१५ रोजी केला. त्यामुळे, आईबाप शिकत असता तेथे जन्मलेले आणि तान्हेपणीच महाराष्ट्रात परतलेले मूल, चौदाव्या घटनादुरुस्तीच्या बळावर अमेरिकी नागरिक असल्याने, येथे कमावू लागताच त्या देशाच्या विवरणपत्राचे धनी होते. परदेशी कराची वजावट असल्याने प्रत्यक्ष देणे पुष्कळदा शून्य निघेल. विवरण देण्याचे कर्तव्य मात्र शून्य होत नाही.

पाच वर्षे बॉस्टनमध्ये राहणारा ‘अनिवासी’, आणि साताऱ्यात वाढलेला, बॉस्टन न आठवणारा मनुष्य करदाता : हा इतिहासाने घडविलेला अर्थ आहे. ‘रहिवासी’ हा शब्द आपल्या भाषेत राहण्याच्या क्रियेपासून सिद्ध झाला. अमेरिकी करकायद्यात तो मोजणीपासून व कार्डापासून सिद्ध होतो. म्हणून या संज्ञांचे मराठीकरण करताना केवळ ‘अनिवासी’ असे न म्हणता ‘करदृष्ट्या अनिवासी’ असे म्हणणे इष्ट. शब्द लांबतो हे खरे. पण ज्यास त्या शब्दाखाली सही करावयाची आहे, त्यास आपण कशावर सही करीत आहो हे तरी कळेल.