सूत, बॅज आणि 'कुठे म्हणाले?'

वर्ध्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी निबंधात गांधीजींचं एक वाक्य टाकलं होतं. तेच, जगात हवा तो बदल आधी स्वतःत घडवण्याचं. सरांनी शेजारी लाल पेनाने एवढंच लिहिलं, 'कुठे म्हणाले?' सेवाग्राम आठ किलोमीटरवर, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य व्हॉट्सअॅपवरून घेतलं होतं.

मग शोधायला बसलो. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत १०० खंड आहेत. त्या शब्दांत ते वाक्य त्यांत सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा विचार सापडतो १९१३च्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये, तोही सर्पदंशावरच्या लेखात! माणूस बदलला की जगाची त्याच्याशी वागण्याची रीतही बदलते, असा.

माहितीचा उगम शोधणं, तो तपासणं, मग वापरणं, याला माहिती साक्षरता म्हणतात. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती शिकवायला डिजिटल बॅज वापरले. २०११ मध्ये मोझिलाने 'ओपन बॅजेस'चं काम हाती घेतलं होतं. असा बॅज म्हणजे नुसतं चित्र नसतं. तो कोणी दिला, कशासाठी दिला, हे त्यातच नोंदलेलं असतं. केलेल्या कामाचा पुरावाही जोडता येतो.

हे वाचताना मला आपलं वर्धाच आठवलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने झाकिर हुसेन यांची समिती नेमली. समितीने सात वर्षांचं, मातृभाषेतलं, हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण सुचवलं आणि परीक्षापद्धतीवर कडक टीका केली. हीच नई तालीम. मूल काय शिकलं, हे त्याने कातलेल्या सुतात दिसावं. धागा तुटत असेल तर पाठांतराने तो जुळत नाही.

पण त्याच अहवालात एक इशाराही होता. कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षण मागे पडेल आणि शिक्षक मुलांकडून नुसतं काम काढून घेत बसतील. सूत मोजता मोजता मूल विसरायला नको.

बॅजचंही तेच. व्हिडिओ पळवून, पर्याय टिचकावून पाच मिनिटांत मिळालेला बॅज प्रोफाइलवर चमकेल, पण पुढचा फॉरवर्ड थांबवणार नाही. वर्ध्यात नव्या विद्यार्थ्यांना असा बॅज द्यायचाच असेल, तर मी एकच काम देईन. गांधीजींच्या नावावर फिरणारं एक वाक्य घ्या आणि त्याचं मूळ शोधा. सापडलं तर खंड आणि पान जोडा. नाही सापडलं, तर कुठे कुठे शोधलं ते लिहा.

माझ्या वेळी बॅज नव्हता. लाल पेनाचे दोन शब्द होते. अजून पुरतात.