आधी स्पर्श, मग औषध

१८ ऑक्टोबर हा संत लूकचा सण. शुभवर्तमानकार लूक हा पेशाने वैद्य होता, असे ख्रिस्ती परंपरा मानते. त्याच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू हात पुढे करून कुष्ठरोग्याला शिवतो. रोग त्यानंतर जातो. आपल्या दृष्टीने हा क्रम महत्त्वाचा आहे.

कारण आपल्याकडे रोगाआधी जात पाहिली गेली. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ रोजी आलेले पत्र बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दिले आहे. आजारी बाळंतिणीसाठी डॉक्टरने थर्मामीटर मुसलमानाच्या हाती दिला. त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला. ती बाई वाचली नाही. विद्या होती, साधन होते, हात नव्हता.

मिरजेत वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेले मिशन रुग्णालय किंवा वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक रुग्णालय यांचे मोल येथे आहे. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो झाकू नये. पण त्या दारात अस्पृश्याची नाडी धरली गेली. हा हात एका धर्माचा मक्ता नव्हे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले, आणि त्यातच त्या गेल्या.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. देशाचे पेनिसिलिन येथे बनू लागले. पेनिसिलिनला जात नसते. ती असते माणसांच्या व्यवहारात. म्हणून पिंपरी ते चाकण या पट्ट्यातील रुग्णालये मोजताना खाटांबरोबर हेही विचारू या: येथे नाडी कोण धरतो, आणि घाण कोण उचलतो?