जप आणि त्याचा अर्थ



शाळेंतून निवृत्त झाल्यापासून प्रातःकाळीं आसनावर बसून प्रणवाचा, म्हणजे ॐकाराचा, जप करण्याचा माझा नेम आहे. एके दिवशीं माझी आठ वर्षांची नात शेजारीं येऊन बसली. माझे एकशें आठ मणी पुरे होईपर्यंत तिनें धीर धरला आणि मग विचारलें, "आबा, याचा अर्थ काय हो?" मीं म्हटलें, "मोठी झालीस म्हणजे कळेल." तिचें समाधान झालें नाहीं आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलें. अर्थ विचारण्याचा कंटाळा केला. तोच दोष उतारवयांत आपल्या जपांत उतरला कीं काय, अशी रुखरुख लागली. या प्रश्नाचा माग काढीत गेलों तेव्हां दिसलें कीं, तो दोन हजार वर्षांहून जुना आहे.

यास्काचार्यांच्या निरुक्तांत कौत्स नांवाच्या एका आचार्याचें मत नोंदलेलें आहे. कौत्स म्हणे, मंत्रांना अर्थच नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, व्यवहारांतील वाक्यांत शब्द मागेंपुढें केले तरी चालतात. मंत्रांतील शब्दांचा क्रम मात्र ठरलेला असतो. यास्कांचें उत्तर साधें आहे. व्यवहारांतही 'पितापुत्र' यासारख्या शब्दांचा क्रम ठरलेलाच असतो, म्हणून ते निरर्थक होत नाहींत. आंधळ्याला खांब दिसला नाहीं तर तो दोष खांबाचा नव्हे, असेंही त्यांनीं बजावलें आहे. वेदांविषयींची अशी शंका दडपून न टाकतां आपल्या पूर्वजांनीं ती ग्रंथांत जपून ठेवली, ही गोष्ट मला मोठी अभिमानाची वाटते.

उपनिषदांच्या ऋषींनीं अर्थाचा शोध आणखी आंत नेला. छांदोग्योपनिषदाचा आरंभच ॐकाराच्या उपासनेनें होतो. मुंडकोपनिषदांत प्रणवाला धनुष्याची, आत्म्याला बाणाची आणि ब्रह्माला लक्ष्याची उपमा दिली आहे. अवघ्या बारा मंत्रांच्या मांडूक्योपनिषदांत तर सर्व विवेचन या एका अक्षराचेंच आहे. अकार ही जागृति, उकार हें स्वप्न, मकार ही गाढ निद्रा. आणि या तीन मात्रांच्या पलीकडे जी मात्रारहित अवस्था, ती चौथी.

योगशास्त्रांत हा विषय पतंजलींनीं थोडक्यांत, पण नेमका मांडला. योगसूत्रांच्या पहिल्या पादांतील सत्ताविसावें सूत्र प्रणवाला ईश्वराचा वाचक ठरवितें. पुढचें सूत्र साधकाला दोन कामें एकदम सांगतें : त्या प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना. त्याचें फळ म्हणून दृष्टि अंतर्मुख होते आणि योगमार्गांतील विघ्नें दूर होतात, असें एकोणतिसाव्या सूत्रांत म्हटलें आहे. व्याधि, संशय, आळस इत्यादि नऊ विघ्नें सांगून, त्यांच्या सोबत दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाचा विक्षेप हींही येतात असें ते सांगतात. विस्कळित मनाबरोबर श्वासही विस्कटतो, हें निरीक्षण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जप कसा करावा याचेंही शास्त्र झालें. मनुस्मृतींत उघड उच्चारलेल्या जपाहून ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप श्रेष्ठ, आणि त्याहून मानस जप श्रेष्ठ मानला आहे. परंतु जप कोणी करावा, या प्रश्नावर आपल्या समाजाचा इतिहास सुखाचा नाहीं. वैदिक मंत्र स्त्रियांना आणि शूद्र म्हटल्या गेलेल्या असंख्य लोकांना शतकानुशतकें नाकारले गेले. १८९९ सालीं तर कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनाही वेदोक्ताचा अधिकार नाहीं असें सांगण्यांत आलें आणि त्यावरून महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. जेथें राजाची ही कथा, तेथें सामान्यांची काय? याउलट आपल्या संतांनीं नामजपाचें दार सर्वांना उघडें ठेवलें. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालच्या आपल्या ग्रंथारंभींच अकार, उकार आणि मकार गणेशाच्या पाय, पोट आणि मस्तक या रूपांत पाहिले, आणि तेंही मराठींत. ज्याला जपाचा अधिकार नाकारला, त्याला अर्थ विचारण्याचा अधिकारही आपोआप नाकारला जातो. म्हणून नातीचा प्रश्न टाळणें मला अधिकच खटकलें.

विसाव्या शतकांत योग मठांतून प्रयोगशाळेंत आला. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. पुढें २००१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें इटालींतील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत २३ निरोगी माणसांकडून कधीं ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना, तर कधीं एक योगमंत्र म्हणवून घेतला. दोन्ही प्रसंगीं श्वास मिनिटाला सुमारें सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी त्याच्याशीं जुळून आल्या.

या प्रयोगानें कौत्साला थोडा न्याय मिळाला असें मला वाटतें. दोन प्रार्थनांचे अर्थ भिन्न, भाषा भिन्न. पण शरीरावरील परिणाम एक. श्वासाला लय लावण्याचें काम ध्वनि अर्थावांचूनही करतो. मात्र श्वास संथ झाला म्हणजे ध्यान झालें, असें नव्हे. माळ फिरत असतां माझें मन कितीदां बाजाराच्या यादींत फिरून येतें, हें माझें मला ठाऊक! तेथें पतंजलींचा दुसरा भाग, म्हणजे अर्थाची भावना, हवीच. ध्वनीनें शरीर स्थिर करावें आणि अर्थानें मन, असा या दोन प्राचीन पक्षांचा मेळ घालतां येतो.

गेल्या महिन्यांत नातीला जवळ घेऊन मीं तीन मात्रा समजावून सांगितल्या. तिनें विचारलें, "आणि म्हणून झाल्यावर आपण गप्प बसतों, तें कशांत धरायचें?" मीं म्हटलें, "तीच चौथी." आतां ती रोज पांच वेळां प्रणव म्हणते आणि क्षणभर शांत बसते. माझ्या एकशें आठ मण्यांपेक्षां तिचे पांच कमी आहेत, असें म्हणण्याचा धीर मला आतां होत नाहीं.