तार तुटली, मेल बंद पडला : दाद कुणाकडे मागायची?

मागच्या व्याख्यानात आपण वऱ्हाडातल्या कापूसबाजारापर्यंत आलो होतो. आज तिथूनच पुढे जायचंय, पण सुरुवात एका अलीकडच्या सोमवारपासून करू.

१४ डिसेंबर २०२०. संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेलेले. जीमेल, यूट्यूब, ड्राइव्ह, गूगलच्या या सगळ्या सेवा जगभर एकदम बंद पडल्या आणि जवळजवळ पन्नास मिनिटं बंदच राहिल्या. गंमत अशी की लॉगिन न करता साधा शोध घेतला तर तो चालत होता. जिथे खात्याची ओळख पटवावी लागते तिथेच दार बंद. कारण कंपनीने नंतर सांगितलं. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला किती जागा लागते याचा हिशेब एक स्वयंचलित व्यवस्था ठेवते. त्या व्यवस्थेला वापर शून्य दिसला, म्हणून तिने जागाच आखडून टाकली.

अशा वेळी वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडे काय होतं ते आपल्याला पाठ आहे. पहिला संशय आपण स्वतःवरच घेतो. रिचार्ज संपला असेल, लाइट गेली म्हणून राउटर बसला असेल, टॉवरच बंद असेल. सेवा केंद्रावर रांग लागलेली असते आणि खुर्चीवरच्या पोराला चार शिव्या खाव्या लागतात. दोष सातासमुद्रापार आहे हे कळेपर्यंत संध्याकाळ गेलेली असते. आता शिव्या त्या पोरालाच का? कारण समोर दुसरं कुणी नसतं. आजचं आपलं बोलणं या 'समोर कुणी नसतं' याबद्दलच आहे, आणि त्याचा इतिहास बराच जुना आहे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, एका शाखेची राजधानी. इंग्रजांच्या काळात ते 'बासिम' या नावाने जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ साली जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेलं. पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. म्हणजे त्र्याण्णव वर्षं इथल्या माणसाला वरच्या साहेबाकडे दाद मागायची तर ऐंशी किलोमीटरवरचं अकोला गाठावं लागे. तक्रारीपेक्षा तिचा प्रवासखर्च जास्त, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता कापूस. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने वऱ्हाडचा कापूस मागवला की दीड महिन्यात तो तिथल्या धक्क्यावर, इतका वेग आला. कारंज्याचा कापूस पुढे मूर्तिजापूरमार्गे मुंबईला जाऊ लागला. ती लहान गाडी म्हणजे आपली शकुंतला. पण माल गाडीने जायचा आणि भाव तारेने यायचा. तार उशिरा आली तर व्यापाऱ्याचा सौदा फसायचा, आणि तो फटका शेवटी गाडी भरून आणणाऱ्या शेतकऱ्याच्या भावात उतरायचा. शेतकऱ्याने आयुष्यात कधी तार केली नसेल, तरी तारेच्या बिघाडाची किंमत त्याच्याकडून वसूल व्हायची. घरात तार आली की उघडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, हा भाग वेगळा.

बिघाड झाला तर भरपाई कोण देणार? याचं उत्तर कायद्यात होतं. १८८५ च्या भारतीय तार कायद्याचं कलम ९ पाहा. संदेश घेणं, पाठवणं किंवा पोचवणं यात तार कर्मचाऱ्याने कसूर केली तरी होणाऱ्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ. १८९८ च्या पोस्ट कायद्याच्या कलम ६ चा सूरही तोच. टपाल हरवलं, चुकीच्या हाती गेलं, उशिरा पोचलं, तरी सरकारने स्वतः पत्करलेली जबाबदारी वगळता बाकी काही देणं लागत नाही. पैसे आधी घ्यायचे, पावती द्यायची आणि जबाबदारी झटकायची. आम्हाला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते बिघाडाबद्दल बोलतच नाही. बिघाडानंतर कुणी कुणाशी बोलायचं, की बोलायचंच नाही, ते ठरवतं.

१९०८ साली याची परीक्षा झाली. कामाच्या तासांच्या नव्या योजनेविरुद्ध देशभरातल्या तार कर्मचाऱ्यांनी आधी काम मंदावलं, मग संप केला. हेन्री बार्टन त्यांचे पुढारी. मुंबई, कलकत्ता, रंगून इथे तारांचे ढीग साचले. व्यापारी मंडळं, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सवाले, सरकारकडे धावले. त्यांना आपलं गाऱ्हाणं सरकारच्या कानी घालता येत होतं. वऱ्हाडातल्या बाजारात भावाची वाट बघत बसलेल्यांना कसलं चेंबर? १९४६ च्या जुलैत टपाल कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, तेव्हा पत्रं आणि मनीऑर्डरी अडकल्या. तरी एक गोष्ट होती. पोस्टाची खिडकी होती, खिडकीमागे ओळखीचा पोस्टमास्तर होता, आणि तो का बसलाय हे गावाला माहीत होतं. त्याच्याशी भांडता यायचं. त्याची बाजू घेता यायची.

'ग्राहक' हा शब्द आपल्याकडे जोरात आला तो पुढे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम पुण्यातून सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. या कायद्याची गाठ मात्र एका शब्दाशी आहे : मोबदला. पैसे मोजले तर तुम्ही ग्राहक. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येतं की नाही, यावरही बराच काळ घोळ होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय तार कायद्याकडे बोट दाखवून नाही म्हणालं. २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात मात्र येतं म्हणालं. तोवर तारही संपली होती. १५ जुलै २०१३ पासून ती सेवा बंद झाली.

आणि मेल? जीमेल २००४ मध्ये आलं, फुकट. २४ फेब्रुवारी २००९ ला ते काही तास बंद पडलं तेव्हाही नावाखाली 'बीटा' लिहिलेलंच होतं. म्हणजे दुकान मांडून पाच वर्षं होत आली तरी पाटी 'चाचणी सुरू आहे' अशी! युरोपातल्या एका केंद्रात नेहमीची दुरुस्ती चालू असताना भार दुसऱ्या केंद्रावर गेला आणि तेही कोलमडलं. वेळ बघा : अमेरिका झोपेत, आपल्याकडे दुपारचे तीन. २५ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आणि टीम्स अडकलं तेव्हाही मूळ नेटवर्कमधल्या एका बदलात होतं, आणि आपल्याकडे दुपारचे साडेबारा. त्यांची रात्र ती आपली कचेरीची वेळ. पूर्वी लिव्हरपूलच्या घड्याळावर आपला भाव ठरायचा, तसंच काहीसं.

पैसे भरणाऱ्या कंपन्यांना गूगल करारात ९९.९ टक्के सेवेचं वचन देतं. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ फक्त ४३ मिनिटं बंद. त्याहून जास्त झालं तर तीन, सात किंवा पंधरा दिवसांची सेवा वाढवून मिळते. नुकसानीचे पैसे नाहीत, दिवस मिळतात, तेही मागितले तर. आणि फुकट खातं वापरणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही, तो या हिशेबात कुठेच नाही. जाहिरातींसाठी आपलं लक्ष आपण रोज मोजून देतो, तरी तो मोबदला धरायचा की नाही यावर वकील वाद घालतील. आमच्या मते धरायला हवा.

आता वाशीमकडे परत येऊ. स्थानिक आपत्तीने पिकाचं नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचं, हा प्रधानमंत्री पीक विमा योजनेतला नियम सोयाबीनवाल्यांना चांगलाच माहीत आहे. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, निविदा, सगळ्यांना अशीच मुदत असते. मेल बंद, ओटीपी येत नाही, सर्व्हर डाउन, काहीही असो, मुदतीचं घड्याळ थांबत नाही. म्हणून हल्ली मंडळी काय करतात? 'एरर'चा स्क्रीनशॉट काढून ठेवतात, त्यात वेळ दिसेल असा. पूर्वी तारेची पावती पेटीत जपून ठेवायचे, तशीच ही पावती. ती ग्राह्य धरायची की नाही हे अजून ज्या-त्या टेबलावरचा माणूस आपल्या मर्जीने ठरवतो. २०२३ च्या नव्या पोस्ट कायद्यानेही जबाबदारीतून सूट कायम ठेवली आहे, तेव्हा वरून फार काही येईल असं दिसत नाही.

पुढच्या भागात आपण पोस्टाच्या बचत खात्याकडे वळणार आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तारेच्या जुन्या पावत्या असतील तर त्या दिवशी जरूर घेऊन या. आता प्रश्न घेऊ.