पडलेल्या झाडाचा धनी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हे गाव लागते. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा आणि मधल्या खोऱ्यात भाताची खाचरे. या वेल्हे तालुक्याला आता राजगड हेच नाव मिळाले आहे. येथील कुणब्याच्या लेखी बांधावरचे झाड ही शोभेची वस्तू नाही. ते आजोबांनी लावलेले, बापाने राखलेले आणि नातवाने चाखलेले असते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घाट ओलांडून ते पुणे जिल्ह्यात शिरले, तेव्हा पश्चिमेकडील मावळी तालुक्यांतही घरांचे पत्रे उडाले आणि झाडे मुळासकट उन्मळली. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ने कोकणपट्टी झोडपली. वसईच्या वाड्यांतूनही आडव्या झालेल्या बागा आमच्या वाचकांनी पाहिल्या आहेत. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो. तो दिसायला लहान आहे, पण त्याला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. वाऱ्याने पाडलेल्या झाडाचा धनी कोण?

पडलेल्या झाडाकडे सर्वांत आशेने पाहणारा कारागीर म्हणजे कातारी. लाकूड चरकावर फिरवून, त्याला पटाशी लावून गोल वस्तू घडविणे हा त्याचा धंदा. लाटणे, भोवरा, पाळण्यावरची खेळणी, खाटेचे पाय, ओटीच्या कठड्याचे कातीव खांब ही सारी त्याच्या हातची. पूर्वी एकाने दोरी ओढून लाकूड फिरवावे व दुसऱ्याने हत्यार धरावे, अशी रीत होती. आज विजेची मोटर ते काम करते. सावंतवाडीत याच कलेतून रंगीत लाखेची खेळणी घडली. सुताराला तुळईसाठी सरळ सोट लागतो. कातकामाला हातभर ओंडकाही पुरतो. म्हणून जे झाड इतरांच्या दृष्टीने सरपण झाले, त्यातून कातारी अजून पिढीभर टिकणारी वस्तू काढू शकतो.

मात्र त्याला घाई असते. ओले लाकूड आधी टोकांकडून वाळते व तेथेच तडकते. आंब्याच्या लाकडाला पावसाळी हवेत बुरशी व किडा लवकर लागतो. जाणता कारागीर ओंडक्याच्या तोंडांना मेण किंवा रंग फासतो, वस्तूचा जाडसर आकार ओल्यातच उतरवून ठेवतो, काही महिने ती सावलीत वाळू देतो आणि मगच अखेरचा हात फिरवितो. म्हणजे ज्या दिवसांत झाडाचा धनी उडालेल्या छपराखाली भिजत बसलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत लाकूड मागणारा त्याच्या दारी येतो. खरी कसोटी येथेच आहे.

या कसोटीचे उत्तर मराठी राज्याच्या एका जुन्या ग्रंथात आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी शिवछत्रपतींपासून पुढील राजवटींपर्यंत राज्याची सेवा केली. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या काळात, 1715-16 च्या सुमारास, त्यांच्या लेखणीतून ‘आज्ञापत्र’ उतरले. त्यातील झाडांविषयीचा उतारा पुष्कळदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापला जातो. ते बरोबर नाही. शब्द अमात्यांचे आहेत. मात्र थोरल्या महाराजांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचे आहेत, हेही तितकेच खरे.

हा उतारा आरमाराच्या प्रकरणात येतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्याला गलबतांसाठी लाकूड हवे होते आणि शत्रू समुद्रावर उभा होता. एवढी निकड असताना अमात्य सांगतात की, अरण्यातील सागवान वगैरे लागेल तेवढे हुजूर परवानगीने तोडावे आणि अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी दीर्घकाळ जपलेली असतात. एकाला दुःख देऊन साधलेले कार्य करणाऱ्यासकट लयाला जाते, असा इशाराही ते देतात. शेवटी एक अपवाद ठेवतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन आणि त्याच्या संतोषाने ते न्यावे; जबरदस्ती करू नये.

आमच्या मते या अपवादातच सारे मर्म आहे. वादळाने पाडलेले झाड हे कामातून गेलेल्या झाडाचेच भावंड. ते उभे राहणार नाही, फळ देणार नाही. तरीही ते बेवारस होत नाही. शिवाय अमात्यांनी नुसती किंमत सांगून सोडलेले नाही. द्रव्य आणि संतोष या दोन वेगळ्या अटी घातल्या आहेत. पैसे घेतलेला माणूस संतुष्ट असतोच असे नाही. हे राज्यकर्त्याने, आपल्याच अधिकाऱ्यांना उद्देशून, तीनशे वर्षांपूर्वी लिहिले आहे.

ही दृष्टी अचानक आलेली नव्हती. 1673-74 च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लष्कराला लागणारे गवत, लाकूडफाटा, भाजी बाजारातून विकत घ्यावी, कुणब्याच्या घरातून काही उचलू नये, नाहीतर त्याला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे नाबोथाचा द्राक्षमळा आठवेल. अहाब राजानेही मोबदला देऊ केला होता. त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. तो नकार सहन न झाल्यामुळे पुढचा रक्तपात घडला. द्रव्याची तयारी होती. संतोषाची वाट पाहण्याची नव्हती.

आजचा कायदाही आपल्या परीने हाच धनी शोधतो. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, सागवान यांसह 16 जातींची झाडे खासगी जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांसाठीच्या 1975 च्या कायद्यात मृत, रोगट वा वाऱ्याने पडलेल्या झाडाची परवानगी नाकारू नये असे म्हटले आहे. पण परवानगी मागावी लागतेच. अनेक जातींचे लाकूड गावाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागतो. वनातील पडलेले झाड सरकारचे. आणि देवराईतील? तेथे वाळकी काटकीही उचलू नये, असा सह्याद्रीतील गावोगावचा जुना संकेत आहे. तेथील धनी देव. त्याची संमती कोणाला विकत घेता येत नाही.

‘निसर्ग’ वादळानंतर फळबागांची सरकारी मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 रुपये करण्यात आली. ही वाढ योग्यच होती. परंतु हिशेब हेक्टरचा झाला की बांधावरच्या एकट्या आंब्याला त्यात जागा उरत नाही. त्याचे मोल धन्याशी बोलणाऱ्या माणसानेच करावयाचे असते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. आपल्या वाडीत किंवा शेजाऱ्याच्या शेतात झाड पडले, तर ते सरपणात घालण्यापूर्वी कातकाम करणाऱ्या कोणाला तरी दाखवावे. लाकूड नेणाऱ्याने आधी छपरावर पत्रा टाकायला हात द्यावा, मग झाडाचा विषय काढावा. धन्याने नाही म्हटले तर परत फिरावे. हो म्हटले तर योग्य दाम द्यावा, आणि जमल्यास त्याच झाडाचे एक पोळपाट किंवा नातवासाठी एक भोवरा त्या घरी पोहोचता करावा. ज्या घराने झाड जपले, त्याच्या चुलीपाशी त्याचा एक तुकडा तरी परत यावा. अमात्यांनी ज्याला संतोष म्हटले, तो याहून फारसा वेगळा नसावा.