हजेरीची गोष्ट

बचत, हप्ते, शेळीपालन हे विषय आपण नेहमी घेतो. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो आपल्या दारापर्यंत येतो. गुन्हा केलेला माणूस तुरुंगाबाहेर गावात राहणार असेल, तर त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे आणि कसे?

आपल्याकडे याचे सर्वांत जुने उत्तर होते हजेरी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करण्याची वाट मोकळी झाली, आणि १९२४ साली तो पुन्हा नव्याने लिहिला गेला. फासेपारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींची नावे त्यात घातली गेली. माणसाने काही केले आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. जमातीत जन्म झाला की नाव नोंदायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गावाची हद्द ओलांडायची तर पास घ्यायचा. हजेरी चुकली तर शिक्षा. यात पाटील आणि जागल्या यांच्यावरही खबर देण्याची जबाबदारी होती. म्हणजे पहारा सरकारचा, पण डोळे गावाचे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक शाळेत ठेवण्याची सोयही त्याच कायद्यात होती. त्याला सोय म्हणायचे का, हे ज्या आयांची मुले गेली त्यांनाच विचारायला हवे होते.

काहींना तर वसाहतीतच नेऊन ठेवले. आपल्याला जवळची म्हणजे सोलापूरची. तिथल्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला ही माणसे एका जागी हवी होती, दोघांचेही जमले. सोलापुरात त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. मुंबई इलाख्यात या वसाहतींचे काम स्टार्ट नावाचे अधिकारी बघत. माणसाला शाळा आणि काम दिले तर तो सुधारतो, असे त्यांना वाटे. पण तारेच्या आत राहून सुधारायचे, अशी ती अट होती.

श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या आपल्या भागात पारधी वस्त्या आहेत. अशाच एका वस्तीवर आमचा गट सुरू झाला तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी पहिल्याच बैठकीत अंगठा द्यायला नकार दिला. गटाचे नाव घालून रजिस्टर आणले होते, वर ‘हजेरी’ लिहिलेले. आजी म्हणाल्या, “ताई, त्या वहीत माझं बोट नको. आमचा बा रोज रात्री पाटलाच्या वाड्यावर हजेरीला जायचा. अंगात ताप असला तरी जायचा.” पैसे भरायला त्या तयार होत्या, अडचण फक्त त्या शब्दाची होती. आता त्या गटाच्या वहीवर ‘आलेल्या बाया’ असे लिहिलेले आहे. बँकेतून आलेल्या साहेबांना ते विचित्र वाटते. आम्ही काही बदललेले नाही.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमात नाही, माणूस मोजला जातो, आणि तोही सिद्ध झालेल्या गुन्ह्यांवरून. कागदावर हा फरक मोठा आहे. वस्तीवर तो किती उतरला, हे जवळपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे थांबते, त्यावरून कळते. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगात जातीवरून कामे वाटायची नाहीत आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर तो निकाल झाला.

हजेरी चालू होती त्याच काळात, आपल्याच मराठी मुलखात, कोणीतरी अगदी उलट करून बघत होते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतीविना ठेवले, शेती करायला दिली, बायकामुलांना सोबत राहू दिले. जे सर्वांत धोक्याचे समजले जात, त्यांच्यावरच हा विश्वास टाकला. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल, तो यावरूनच सुचला. कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच आटपाडी भागातले. सिनेमात जेलरच्या दोन डोळ्यांना फार महत्त्व आहे. आम्हाला मात्र वाटते की स्वतंत्रपुरात खरे काम घरच्या माणसांनी केले असणार. पळून जायचे तर बायकोमुलांना टाकून जायचे, हे सोपे नाही.

तिसरा रस्ता परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा. अमेरिकेत बोस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभाराने कोर्टात उभ्या असलेल्या दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले, आणि नंतर आणखी शेकडो जणांना. तिथून ही पद्धत निघाली. मुंबई प्रांताने १९३८ साली असा कायदा केला, देशाचा कायदा १९५८ चा. त्यात परिविक्षा अधिकारी नेमतात. माणसावर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम, आणि गरज पडल्यास त्याला काम मिळवून देण्याची खटपट करणे हेही त्यांचेच काम. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्याला हा कायदा लागू होत नाही. पण मुलगा २१ वर्षांच्या आतला असेल, तर कोर्टाला आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तरीही तुरुंगात पाठवायचे असेल तर कारण लिहून द्यावे लागते.

आमच्या एका गटातल्या बाईचा वीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या चोरीत सापडला. अधिकारी चौकशीला वस्तीवर आले आणि गटालाही विचारले. बैठकीत मोठा वाद झाला. “चांगला आहे म्हणून सांगा,” असे काहीजणी म्हणाल्या. एक म्हणाली, “उद्या त्यानं परत केलं तर आपल्या गटाला कर्ज कोण देईल?” शेवटी ठरले की प्रमाणपत्र द्यायचे नाही, जे माहीत आहे ते सांगायचे. आई हप्ता चुकवत नाही, मुलगा ऊसतोडीला जातो, दारू पितो, संगत वाईट आहे. अधिकाऱ्यांनी सगळे लिहून घेतले, दारूचेही.

तो दोन वर्षांच्या बंधपत्रावर सुटला. मध्ये दोनदा तो ठरल्या तारखेला गेला नाही. अट मोडली तर कोर्ट पुन्हा बोलावून शिक्षा देऊ शकते, ही तलवार डोक्यावर आहेच. पण अधिकारी आधी घरी आले, का आला नाहीस विचारले. टोळीबरोबर कारखान्यावर होता, निरोप द्यायला विसरला. पुढची तारीख त्यांनी तोडणीचे दिवस बघून दिली. आजींना हे सांगितले तर त्यांचा विश्वास बसेना. “घरी येऊन विचारलं? मारलं नाही?” असे त्यांनी तीनदा विचारले.

बंधपत्राचे अजून सहा महिने राहिले आहेत. वाद करणारी ती बाई अजूनही म्हणते की बघू. आणि एक लक्षात ठेवा. बाईला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, तिच्या स्वतःच्या खटल्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. मुलाचे वय कोर्टात पहिल्याच तारखेला वकिलाला सांगा, शाळेचा दाखला बरोबर न्या.