सूर्याच्या गालावरचा तीळ

लग्नाच्या तारखा काढणाऱ्यांना शुक्राचा अस्त चांगला ठाऊक असतो. शुक्र सूर्याजवळ गेला की दिसेनासा होतो आणि मुहूर्त थांबतात. पण क्वचित तो अस्ताच्या ऐन मध्यावरच दिसतो, तोही भरदिवसा. सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकत जातो. हे शुक्राचे अधिक्रमण. आठ वर्षांच्या अंतराने दोनदा होते, मग शंभराहून अधिक वर्षे नाही.

१७१६ साली एडमंड हॅली यांनी सुचवले, की दूरदूरच्या देशांतून या प्रवासाची वेळ मोजली तर सूर्याचे अंतर काढता येईल. त्यासाठी फ्रान्सचे ल जाँती १७६० साली पाँडिचेरीकडे निघाले. वाटेतच कळले, ते ठाणे इंग्रजांनी घेतले. १७६१ चे अधिक्रमण त्यांनी हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहिले. मोजमाप व्यर्थ! मग हा गृहस्थ आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला, पाँडिचेरीत वेधशाळा बांधली, आणि १७६९ च्या जूनमधल्या त्या सकाळी ढग आले. अधिक्रमण संपल्यावर ऊन पडले. १७७१ साली घरी परतले तर नातेवाईक त्यांना मृत समजून मालमत्ता वाटून घ्यायला निघालेले.

मला मात्र त्यांच्याहून जवळचे वाटतात मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी. १८६७ साली त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला होता. ९ डिसेंबर १८७४ च्या अधिक्रमणासाठी रुरकीला कर्नल टेनंट यांनी दुर्बिणी मांडल्या, तर आचारींनी सामान्य माणसासाठी पुस्तिका लिहिली. ती इंग्रजीत निघाली, कन्नडमध्ये निघाली, उर्दूतही निघाली. उर्दूत शुक्र म्हणजे जोहरा, आकाशातली गाणारी. आपल्याकडे तो दैत्यांचा गुरू. ग्रह एकच, पण वाचकाला त्याच्या घरातल्या नावाने सांगितला तर तो मान वर करून पाहतो. साहेबाच्या दुर्बिणीइतकेच हे काम मोठे होते.

८ जून २००४ ला अधिक्रमण पुन्हा आले. मृग लागायचे दिवस. आष्टीचे शेतकरी ढगांची वाट पाहत होते आणि मी मनातल्या मनात ढग नको म्हणत होतो. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला. पावणेअकराच्या सुमारास कडेला बारीक खाच पडली, मग पाच वाजत येईपर्यंत तीळ चालत राहिला. पोरांनी रांग लावली. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “एवढीच का शुक्राची चांदणी?” खरे तर शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा. त्याच्यामागचा सूर्य केवढा, ते तेव्हा डोळ्यांना कळले.

६ जून २०१२ ला तो उगवत्या सूर्यावर होता. आता पुढचा डिसेंबर २११७ मध्ये. बुध मात्र १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी सूर्यावरून जाईल. तो फारच लहान, नुसत्या काळ्या काचेतून दिसणार नाही. दुर्बिणीला डोळा लावू नका, कागदावरच पाडा.